जुन्या फायलीतलं आपलं नाव

औंढे, औंढोली, देवले, कार्ला, मळवली, आणि लोणावळ्याच्या आजूबाजूच्या सगळ्या वाड्यावस्त्यांवरच्या बायांनो, बचत गटाच्या बैठकीला बसून सगळ्या मिळून ऐकत असाल तर फारच चांगलं, कारण आज जे सांगणार आहे ते एकटीनं करायचं काम नाही.

आजचा विषय आहे कामगार कचेरीतल्या जुन्या फायली. विषय ऐकून कुणी म्हणेल, या बाईला दुसरं काही सुचलं नाही का? फायली साहेबांच्या, आम्हाला त्याचं काय? पण दहा मिनिटं ऐका. माझी सगळी नोकरी कामगार खात्याच्या एका छोट्या कचेरीत गेली. एक साहेब, दोन इन्स्पेक्टर, आम्ही तीन कारकून आणि एक शिपाई. त्यातली बरीच वर्षं माझ्याकडे अभिलेख कक्ष होता, म्हणजे जुनी प्रकरणं ठेवायची खोली. त्या खोलीत बसून एक गोष्ट मला पक्की कळली. बाई कचेरीत येते तेव्हा तिच्याजवळ सांगायला खूप असतं आणि दाखवायला काहीच नसतं.

आपल्या भागातलं काम कसं आहे ते आठवा. कुणी बंगल्यावर झाडलोट-भांडी करतं, कुणी हॉटेलात चादरी धुतं, कुणी चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला बसतं. कुणी तळेगावच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे जातं, कुणी बांधकामावर विटा-रेती वाहतं. शनिवार-रविवारी, पावसाळ्यात पर्यटकांची झुंबड, तेव्हा कामावर बोलावणं. गर्दी ओसरली की "पुढच्या आठवड्यात ये." हजेरी मुकादमाच्या वहीत. पगार हातात रोख. दहा वर्षांनी मालक म्हणतो, "ही बाई? ही कधीमधी यायची." मग बाईनं काय दाखवायचं?

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. कारखान्यात किंवा हॉटेलात काम करणाऱ्या कामगारानं मागच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं असेल, तर त्याला एकाएकी काढता येत नाही. नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते. यात आठवड्याची पगारी सुट्टीही मोजतात. पण हे 240 दिवस भरले हे सिद्ध कुणी करायचं? सर्वोच्च न्यायालयानं 2002 साली सांगितलं, कामगारानं. आणि नुसतं शपथेवर सांगून भागत नाही, काहीतरी पुरावा लागतो. पगाराची पावती, नेमणुकीचा कागद, हजेरीचा उतारा. आपल्यातल्या किती जणींकडे यातला एक तरी कागद आहे? बैठकीत बसला असाल तर आत्ता हात वर करून बघा.

बाळंतपणाच्या रजेचंही तसंच. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते हे आता पुष्कळ जणींना माहीत आहे. 2017 पासून ती तेवढी झाली. पण त्याआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम भरलेलं असावं लागतं. पुन्हा दिवसच मोजायचे, आणि मोजायला कागदच लागतो.

इथे जुन्या फायलीचा संबंध येतो. मालकाच्या वहीत तुमचं नाव नसेल, तुमच्याजवळ पावती नसेल, तरी तिसऱ्या एका ठिकाणी तुमचं नाव असू शकतं. ते ठिकाण म्हणजे कामगार कचेरी. कसं ते सांगते.

इन्स्पेक्टर कारखाना तपासायला जातो तेव्हा तो तिथे कोण कोण काम करताना दिसलं ते लिहितो. किती बाया, किती पुरुष, काय पगार सांगितला, हजेरीपट होता की नव्हता. काही जणांचे जबाब घेतो, सही किंवा अंगठा घेतो. हा झाला तपासणी अहवाल. तो कचेरीत येतो, त्याला नंबर पडतो, तारीख पडते, आणि त्या कारखान्याच्या फायलीत लागतो. मालकालाही एक प्रत मिळते. हा कागद मालकानं लिहिलेला नसतो आणि बाईनंही लिहिलेला नसतो. म्हणून त्याला वजन असतं.

माझ्या खोलीत घडलेली एक गोष्ट सांगते. कुणाचंच नाव घेत नाही. पॅकिंगच्या कामावरची एक बाई आली. कारखान्यानं तिला घरी बसवलं होतं आणि ग्रॅच्युइटी द्यायला नकार दिला होता. बाई म्हणाली, दहा वर्षं काम केलं. मालक म्हणाला, दोन वर्षं. कागद कुणाकडेच धड नव्हता. आमच्या साहेबांनी मला त्या कारखान्याच्या जुन्या तपासण्या काढायला सांगितल्या. चार अहवाल निघाले. सर्वांत जुन्या अहवालात, सात वर्षांपूर्वीच्या, या बाईचं नाव होतं आणि नावापुढे तिचा अंगठा. नंतरच्या तिन्हींतही नाव होतं. त्याआधीच्या कुठल्याच कागदात नव्हतं.

बाईला वाईट वाटलं. ती म्हणाली, "बाई, दहा वर्षं खरी आहेत हो." खरी असतीलही. पण दहा वर्षांच्या बोलण्यावर मालक पाच महिने हलला नव्हता. सात वर्षांच्या कागदावर तो पंधरा दिवसांत तडजोडीला आला. हिशेब सोपा असतो. महिन्याच्या पगाराला 26 नं भागायचं, म्हणजे एका दिवसाचा पगार निघतो. त्याला 15 नं गुणायचं, की एका वर्षाची ग्रॅच्युइटी. मग जितकी वर्षं तितके पट. महिना 7,800 रुपये पगार धरला तर दिवसाचे 300, वर्षाचे 4,500, आणि सात वर्षांचे 31,500 रुपये होतात. दोन वर्षं मानली असती तर ग्रॅच्युइटीच बसली नसती, कारण त्यासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी लागते. म्हणजे त्या एका जुन्या अहवालावर सगळं अवलंबून होतं. तो वाळवीनं खाल्ला असता, किंवा चुकीच्या फायलीत लागला असता, तर बाई रिकाम्या हातानं गेली असती.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या फायलीत बाईनं घेतलेल्या उचलीचाही कागद होता. तो मी काढून ठेवला नाही. उचल खरी होती, ती हिशेबात वळती झाली. कामगाराच्या बाजूनं कनवाळू होऊन कारकुनानं एक कागद लपवला, की मालकाचा वकील विचारणार, आणखी काय काय लपवलं असेल? मग सात वर्षांचा अहवालही संशयात येतो. नोंद बाईच्या बाजूची नको, मालकाच्या बाजूची नको, जशी घडली तशी हवी. तरच ती बाईच्या उपयोगी पडते.

आता कचेरीत प्रकरण कसं चालतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे कुठला कागद कुठे असतो ते कळेल. तुम्ही अर्ज देता. तो आवक रजिस्टरमध्ये चढतो, त्याला आवक क्रमांक मिळतो. तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक, याला पोच म्हणतात. मग मालकाला नोटीस जाते, ती जावक रजिस्टरमध्ये चढते. तारखा पडतात. प्रत्येक तारखेला कोण आलं, कोण आलं नाही, काय बोलणं झालं, हे रोजनाम्यात लिहितात. शेवटी समेट झाला तर समझोत्याचा कागद होतो. नाही झाला तर तसा अहवाल वर जातो आणि प्रकरण न्यायालयात जाऊ शकतं. मग फाईल बंद होते आणि अभिलेख कक्षात येते.

समझोत्याच्या कागदाबद्दल एक महत्त्वाचं सांगते. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला समझोता फक्त सही करणाऱ्यांपुरता नसतो. त्या कारखान्यात तेव्हा असलेल्या सगळ्या कामगारांना, आणि नंतर कामाला लागलेल्यांनाही तो लागू होतो. म्हणजे तुमच्या आधी बारा बायांनी भांडून वर्षाला दोन गणवेश आणि पावसाळ्यात गाडी मिळवली असेल, तर आज कामाला लागलेल्या मुलीचाही तो हक्क असू शकतो. पण हे तिला सांगणार कोण? त्या बारा जणी पांगल्या. मॅनेजर बदलला. नव्या मॅनेजरला माहीत नाही, किंवा माहीत असून तो बोलत नाही. आठवण उरते फक्त फायलीत. समझोता अजून चालू आहे, की नंतर दुसरा झाला, हेही फाईलच सांगते.

मैत्रिणींनो, फायलीतून कायदा कसा उभा राहतो त्याची एक खरी हकीगत सांगते. शंभर वर्षांपूर्वीची, आपल्याच मुंबई इलाख्यातली. 1921 साली मुंबई सरकारनं लेबर ऑफिस नावाची एक छोटी कचेरी काढली. तिचं काम एवढंच, की गिरणी कामगारांचे पगार, घरखर्च, बाजारभाव आणि संप यांच्या नोंदी नीट गोळा करायच्या आणि दर महिन्याला छापायच्या. त्या मासिकाचं नाव लेबर गॅझेट. संप किती दिवस चालला, किती माणसं बाहेर होती, कशासाठी होता, शेवट काय झाला, हे सगळं महिन्याच्या महिन्याला त्यात लिहिलं जाई.

त्याच सुमाराला सरकारनं डॉक्टर बार्न्स नावाच्या बाईंना गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं. त्या चाळीतून फिरल्या, बायांशी बोलल्या. बाया दिवस भरत आले तरी साच्यावर उभ्या असत. बाळंत झाल्यावर लवकरच पुन्हा कामावर जात. बाळ रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी देत आणि गिरणीत जात. हे सगळं त्यांनी लिहून काढलं आणि 1922 साली ते लेबर गॅझेटमध्ये छापून आलं.

तोवर मालक काय म्हणत होते? आमच्याकडे तशी अडचण नाही, बायांनाच रजा नको असते. आता छापील नोंद समोर आली. 1924 साली ना. म. जोशी यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या मदतीचं विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. पण विषय मेला नाही. 1928 साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात रा. स. आसवले यांनी विधेयक मांडलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना सांगितलं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. 1929 साली मुंबई इलाख्याचा बाळंतपणाच्या मदतीचा कायदा झाला. देशातला असा पहिला कायदा. सगळ्या देशाला लागू होणारा कायदा 1961 साली आला. आज तुमच्या सुनेला 26 आठवडे मिळतात, त्याच्या मुळाशी गिरणीतल्या बायांच्या त्या नोंदीही आहेत. त्या बायांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण त्यांचं सांगणं कुणीतरी जसंच्या तसं लिहिलं, म्हणून ते टिकलं.

आता नोंद बिघडते कशी ते बघू. पहिली भानगड गावाच्या नावाची. आपलं गाव औंढे. पुण्यात एक औंध आहे, साताऱ्यात दुसरं औंध आहे, आणि तिकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ. मराठीत लिहिलं तर फरक दिसतो. पण इंग्रजी अक्षरांत टाईप केलं की सगळी जवळजवळ सारखीच दिसतात. कॉम्प्युटरवर एक अक्षर राहिलं तर औंढ्याची बाई औंधच्या यादीत जाते. मग इथे शोधलं तर "अशी कुणी नोंदलेली नाही" असं उत्तर येतं. म्हणून फॉर्म भरताना गावाच्या नावापुढे तालुका मावळ आणि जिल्हा पुणे हे दोन्ही लिहा. फक्त गाव लिहून थांबू नका. पोच हातात आली की तिथेच उभं राहून गावाचं नाव वाचा.

दुसरी भानगड बाईच्या नावाची. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. कामावर तिसरंच, "मावशी" नाहीतर "ताई". आधारकार्डावर एक, रेशनकार्डावर वेगळं, मुकादमाच्या वहीत नुसतं पहिलं नाव. पुरुषाचं नाव जन्मभर एकच राहतं, म्हणून त्याची फाईल सापडते. बाईची फाईल आहे, पण माहेरच्या नावाची, आणि शोधणारा सासरच्या नावानं शोधतोय. चांगला कारकून काय करतो? नवं नाव लागलं तर जुनं खोडत नाही. सूचीत दोन्ही नावं ठेवतो, आणि एकापुढे लिहितो, "दुसरं नाव अमुक, ते पाहा." तुम्ही अर्ज करताना स्वतःच लिहा, "लग्नाआधीचं नाव अमुक, कामावर अमुक नावानं ओळखतात." दोन ओळी जास्त लागतील, पण पुढच्या वीस वर्षांचा शोध वाचेल.

तिसरी भानगड मालकाच्या नावाची. बंगल्यावरचा, हॉटेलातला, कारखान्यातला कंत्राटदार दरवर्षी बदलतो. बाई तीच, झाडू तोच, जागा तीच, पण कागदावर दर वर्षी नवी कंपनी. मग कुणी म्हणतं, तुझी नोकरी तर एकाच वर्षाची. अशा वेळी फाईल फक्त कंत्राटदाराच्या नावानं लावली तर दहा वर्षांची दहा तुकड्यांत विभागणी होते. ती जागेच्या नावानंही जोडलेली हवी. तुम्ही अर्जात कंत्राटदाराबरोबर कामाची जागा लिहा. अमुक रस्त्यावरचं अमुक हॉटेल, अमुक कारखान्याचा पॅकिंग विभाग.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जुनी नोंद दुरुस्त करण्याची रीत. नोंदीत चूक सापडली तर ती पुसायची नाही, व्हाइटनर लावायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता यावं. वर बरोबर शब्द लिहायचा. शेजारी तारीख आणि सही. तसंच, एका बाईच्या विरुद्ध निकाल लागला आणि अपिलात तो फिरला, तर पहिला निकाल फायलीतून काढायचा नाही. दोन्ही ठेवायचे आणि पहिल्यावर लिहायचं, "याविरुद्ध अपील झालं, त्याचा निकाल पान अमुक." कायदा बदलला, कचेरीचं नाव बदललं, तरी जुन्या प्रकरणावर जुनंच कलम राहू द्यायचं, कारण त्या दिवशी तोच कायदा होता. आज जे कळलं ते काल लिहिलेल्यात घुसडलं, की मग काल काय घडलं हे कुणालाच सांगता येत नाही. हल्ली जुन्या फायली कॉम्प्युटरवर चढवतात. चांगलं आहे. पण चढवणाऱ्यानं जसं लिहिलंय तसंच चढवावं, आपल्या मनानं नीटनेटकं करू नये.

तुम्ही विचाराल, मग सगळं कागदपत्र जन्मभर ठेवायचं का? नाही. सरकारी कचेरीत कागदांचे वर्ग असतात. अ वर्गातले कायम ठेवायचे, ब वर्गातले 30 वर्षं, क वर्गातले 10 वर्षं, आणि ड वर्गातले किरकोळ कागद वर्षभरात काढून टाकायचे. टेबलावरच्या कामाचे सहा गठ्ठे करायची पद्धत आहे. चालू प्रकरणं, उत्तराची वाट बघणारी, ठराविक काळानं पाठवायची पत्रकं, कायमचे आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. 1980 च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतली दफ्तरं अशीच नीट लावून दाखवली. नको ते काढलं, हवं ते वर्गवार लावलं, आणि कागद झटकन सापडू लागला. लोक त्याला लखिना पॅटर्न म्हणू लागले. सांगायचं काय, तर कागद नियमानं काढावा, त्याची यादी करून, वहीत नोंद करून. वाळवीनं, उंदरांनी आणि पावसानं काढू नये. लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू? एक पावसाळा छपरातून ठिबकलं की तळाच्या गठ्ठ्याचा लगदा होतो.

फाईल सापडत नाही असं उत्तर मिळालं तर काय करायचं? माहितीचा अधिकार कायदा 2005 सालापासून आहे. त्याच्या चौथ्या कलमातच लिहिलंय, की प्रत्येक सरकारी कचेरीनं आपलं दफ्तर सूची करून नीट ठेवावं. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांचा वेगळा कायदाही त्याच वर्षीचा आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं 2013 साली सांगितलं, की फाईल सापडत नाही ही माहिती नाकारायची सबब होऊ शकत नाही. कचेरीनं नीट शोध घ्यावा, आणि लागलं तर चौकशी करून जबाबदार कोण ते ठरवावं.

अर्ज कसा करायचा? साध्या कागदावर. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, म्हणून कहाणी लिहू नका, कागद मागा. "अमुक कारखान्याच्या अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंतच्या तपासणी अहवालांच्या प्रती मिळाव्यात." एवढंच. झेरॉक्सला पानाला दोन रुपये. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. फाईल मोठी असेल तर आधी पाहायला मागा, पहिला तास फुकट असतो. दोघी-तिघी मिळून जा, एकीनं वाचावं, एकीनं पान क्रमांक लिहून घ्यावेत.

आता शेवटचा आणि आपल्या हातातला भाग. कचेरीत फाईल नीट राहील तेव्हा राहील, पण मुळात तिथे काहीतरी गेलं पाहिजे ना? 2021 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या बंदीत, राज्य सरकारनं घरेलू कामगारांना आणि बांधकाम कामगारांना 1,500 रुपये जाहीर केले. कुणाला? नोंदणी असलेल्यांना. धुणीभांडी सगळ्यांचीच बंद झाली होती, चूल सगळ्यांचीच थंड होती, पण यादीत नाव होतं तिलाच पैसे. घरेलू कामगारांच्या मंडळाचा कायदा 2008 सालचा आहे, वय 18 ते 60 असेल तर नोंदणी होते. बांधकाम कामगारांच्या मंडळात मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. नूतनीकरण चुकलं की नाव असून नसल्यासारखं.

आपला बचत गट पंचसूत्रीवर चालतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, आणि पाचवं सूत्र हिशेबाच्या वह्या. म्हणजे नोंद ठेवायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. चार आण्याचा फरक आला तरी आपण रात्री उशिरापर्यंत बसून तो शोधतो. मग माझं एवढंच म्हणणं आहे, की त्याच बैठकीत आणखी एक वही सुरू करा. तिला कामाची वही म्हणा. दर महिन्याला प्रत्येकीनं सांगायचं. कुठे काम केलं, कुणाकडे, किती दिवस, किती पैसे मिळाले, किती राहिले. सचिवानं लिहायचं, सांगणारीनं सही किंवा अंगठा, आणि अध्यक्षांची सही तारखेसह. पानांना आधीच क्रमांक घाला. मागचं पान कोरं सोडू नका, म्हणजे कुणी मागाहून भरलं असं म्हणणार नाही.

ही वही म्हणजे कोर्टातला शेवटचा शब्द नव्हे, हे स्पष्ट सांगते. पण महिन्याच्या महिन्याला, भांडण नसताना लिहिलेली नोंद आणि भांडण झाल्यावर आठवून सांगितलेली गोष्ट, यात फरक असतो. आणि कुठल्या वर्षी, कुठल्या कंत्राटदाराकडे होतीस हे त्या वहीतून कळलं, की कचेरीत कुठली फाईल मागायची तेही कळतं.

आपल्या शेजारीच कार्ल्याची लेणी आहेत. एकवीरेला गेलात की तिथे डोकावता. तिथे दगडात ब्राह्मी अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे. धेनुकाकटच्या, वेणुवासाचा मुलगा सामी या सुतारानं लेण्याचं दार घडवल्याची ती नोंद आहे. दोन हजार वर्षांच्या घरातली गोष्ट. त्यात नाव आहे, बापाचं नाव आहे, गाव आहे, धंदा आहे, आणि केलेलं कामही आहे. फक्त किती दिवस राबला आणि मजुरी किती मिळाली, तेवढं नाही. आपल्या वहीत ते दोन रकाने जरूर ठेवा.

या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी करा. एक, सगळ्यांच्या नोंदणीची तारीख बघा आणि नूतनीकरण कुणाचं राहिलंय ते लिहा. दोन, प्रत्येकीची सगळी नावं एका पानावर लिहा, माहेरचं, सासरचं आणि कामावरचं. तीन, घरातल्या पोचपावत्या, ओळखपत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या काढा, त्यांची झेरॉक्स करा, आणि मूळ कागद पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. ओलसर कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आतल्या आत बुरशी धरते. पाऊस संपला की दसऱ्याच्या आधी एकदा सावलीत वारं दाखवा.

वहीचं पहिलं पान कसं आखायचं यात अडचण आली तर पुढच्या वेळी त्यावरच बोलू. तोवर आपापल्या गटात विचारा, "ताई, गेल्या महिन्यात तू किती दिवस भरलेस?" आणि उत्तर आलं की लगेच लिहून घ्या.